चहाडखोर माठ

माठ ही काही जग हलवून सोडणारी भाजी नव्हे. लसूण-मिरचीवर परतली की भाकरीचे दोन घास जास्त जातात, एवढीच तिची थोरवी. पण खणीच्या वस्तीत जो माठ उगवला, तो खायचा नव्हता. तो माणसांना खरं काय ते कळावं म्हणून लावलेला होता, आणि त्याने आपलं काम अगदी इमानेइतबारे केलं. बेइमानी झाली ती माणसाकडून, आणि तीही चांगल्या माणसाकडून.

कोल्हापूरकडच्या एका शहराच्या कडेला दगडाची जुनी खण होती. दगड संपला तसा शहराने तिच्यात कचरा ओतायला सुरुवात केली, आणि खण भरून तिचं टेकाड झालं तरी ओतणं थांबलं नाही. त्या कचऱ्यावर पोट असलेल्या बायकांनी कडेला झोपड्या घातल्या. झोपड्यांच्या पुढे पत्र्याच्या खोल्या झाल्या. मधल्या काळात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारे भट्टीवाले येऊन गेले. ते पैसे घेऊन गेले, शिसं मात्र मातीत ठेवून गेले. मग शहराने कचरा दुसरीकडे न्यायला सुरुवात केली आणि वस्तीच्या हातचं कामही गेलं.

ऋजुता गोळे तिथे रोपांचा ट्रे घेऊन आली ती अशा वेळी. वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर, वयाने तिशीची, उन्हाने लालबुंद झालेली. वस्तीतल्या बुद्धविहारात सगळ्या बायका जमल्या होत्या. तिने एक रोप हातात धरलं आणि सांगायला लागली.

“हा माठच आहे, पण आम्ही प्रयोगशाळेत त्याच्या जनुकांत दोन बदल केलेत. एक मुळांत. शिसं मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, सहजासहजी सुटत नाही. या माठाची मुळं एक आंबट रस सोडतात. त्या रसाने शिसं सुटतं, पाण्यात विरघळतं, मग रोप ते पिऊन देठात साठवतं. आपण देठ कापायचे आणि बंद भट्टीत पाठवायचे. प्रत्येक कापणीला माती थोडी स्वच्छ होत जाईल.”

“आनि दुसरा?” पुढे बसलेल्या गजराबाई लोंढेने विचारलं.

“दुसरा पानांत. मुळांना शिसं लागलं की पान लाल होतं. मातीतलं शिसं संपलं की नवीन पान हिरवं येतं. म्हणजे मशीन न लावता नुसतं बघून कळतं, कुठली माती अजून विषारी आहे.”

गजराने रोप हातात घेऊन उलटसुलट बघितलं. “म्हंजे चहाडखोर हाय की ओ ह्यो. मातीच्या पोटातलं सगळ्यास्नी सांगत सुटनार.”

बाया हसल्या, ऋजुताही हसली, आणि त्या दिवसापासून माठाचं नाव चहाडखोरच पडलं. ऋजुताने तेवढ्यात एक ताकीद दिली. लाल वाफ्याला पाणी बेताने द्यायचं. सुटं झालेलं शिसं मुळांनी प्यायच्या आत पाण्याबरोबर वाहून गेलं, तर ते खालच्या वाफ्यात उतरेल. बायांनी माना डोलावल्या.

मुकादमीण म्हणून सगळ्यांनी गजरालाच निवडलं. पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ. पण वस्तीत कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं मयत असो, कुणाच्या नवऱ्याने दारू पिऊन धिंगाणा घातलेला असो, पहिली हाक जायची ती गजराला. तिची जिवाभावाची मैत्रीण शेवंता आवळे तर मिठाचा डबा संपला तरी गजराला विचारून आणायची, असं लोक चेष्टेने म्हणत.

टेकाडाचा उतार बेताचा करून वाफे पाडले गेले. पहिल्या वर्षी सगळं रान असं लालभडक झालं की रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढत. त्यांना काय ठाऊक, ते कशाचा फोटो काढतायत. हळूहळू कडेचे वाफे हिरवे पडायला लागले. रोज सकाळी एक छोटं उडतं यंत्र रानावरून फेरी मारी आणि पानांचे रंग टिपून नेई. बाया त्याला घार म्हणत. वाफा हिरवा आहे असं घारीने सांगितलं की तो बायांना भाज्या लावायला मिळे. अशा प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यात मात्र चहाडखोराचं एक रोप राखणीला ठेवायचं, हा नियम.

जन्मभर लोकांनी टाकलेलं उचलणाऱ्या त्या बायांनी पहिल्यांदाच काहीतरी स्वतः उगवलं. मेथी, पोकळा, चाकवत, अंबाडी. गजराने तेव्हा एक रीत पाडली. नव्या वाफ्यातली पहिली जुडी विकायची नाही, घरात खायची नाही, ती वस्तीतल्या पोटुशी बाईला नाहीतर बाळंतिणीला द्यायची. “आपल्या पोरी कचऱ्यावर जल्मल्या,” ती म्हणाली, “फुडची तरी भाजीवर जल्मू देत.” रीत सगळ्यांनाच आवडली आणि कुणी सांगायची गरज न पडता चालू राहिली.

सुखाचे दिवस होते ते. गजराला नंतर पुष्कळदा वाटायचं, आपण तिथेच थांबायला हवं होतं.

पण माती काही थांबेना. वाफ्यामागून वाफा हिरवा होत गेला आणि शेवटी भट्टीच्या पडक्या भिंतीजवळचा, वरच्या अंगाचा एकच वाफा लाल उरला. त्या सुमाराला शहराच्या कचेरीतून एक साहेब आले. भले गृहस्थ, त्यांनी बायांच्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाले की शेवटचा वाफा हिरवा झाला की प्रकल्प यशस्वी झाल्याचं जाहीर होईल, आणि स्वच्छ झालेली जमीन गोदामांसाठी दिली जाईल. वस्तीला शहराबाहेर माळावर इमारती बांधून मिळतील. केव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही.

ऋजुताचा चेहरा पडला. तिला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. साहेब गेल्यावर ती गजराला म्हणाली, “मी बोलते वर. काहीतरी मार्ग काढू.”

“काडा म्याडम,” गजरा म्हणाली. पण तिचा विश्वास नव्हता. गजराचं घर याआधी दोनदा मोडलं होतं. दुसऱ्या वेळी तिची म्हातारी आई रस्त्याकडेला ताडपत्रीखाली वारली, आणि तेव्हाही इमारतींचं वचन होतंच. वस्ती उठणार म्हणजे काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माती घाण होती तोवर कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. आपण ती स्वच्छ केली, हाच आपला गुन्हा झाला, असं तिला वाटलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

एक वाफा. एकच वाफा लाल राहिला तर सगळं राहतं. हा विचार तिच्या डोक्यात शिरला आणि मग काही केल्या निघेना.

वस्तीतल्या भंगारवाल्याकडे जुन्या बॅटऱ्या अजून येत होत्या. त्यांच्या आतल्या पत्र्यांवरची शिशाची करडी भुकटी खरवडून काढायला फारशी अक्कल लागत नाही. गजराने लहानपणी भट्टीवर तेच केलं होतं. दुपारी बाया जेवायला गेल्या की ती गोणी घेऊन वरच्या वाफ्याकडे जायची. उघड उघड जायची. कचरा वेचणाऱ्यांत एक कायदा असतो, दुसरीच्या गोणीत डोकावायचं नाही. कुणाला काय सापडलं, कुणी काय उचललं, हे विचारणं म्हणजे तिच्या पोटावर नजर ठेवणं. कचरा गेला तरी तो कायदा बायांच्या अंगात तसाच होता. गजराने भुकटी मातीत मिसळली आणि ती खाली मुरावी म्हणून वर भरपूर पाणी सोडलं.

पुढच्या कापणीला तिथली पानं पुन्हा लाल आली. ऋजुता चक्रावली. तिने मातीचे नमुने नेले, रोपं तपासली. “खालच्या थरातून वर येत असेल,” असं स्वतःशीच म्हणाली. गोदामांचं काम पुढे ढकललं गेलं. वस्तीत त्या दिवशी कुणीतरी भजी तळली आणि गजराने दोन जास्तच खाल्ली.

त्या वाफ्याच्या अगदी खालच्या अंगाला शेवंताचा वाफा होता. तिथे तिने चाकवत पेरला होता. चाकवतही असा आला होता की विचारू नका. कारणही तसंच होतं. तिची लेक समीक्षा पहिल्या बाळंतपणाला चौथ्या महिन्यातच माहेरी आली होती आणि तिला ताकातल्या चाकवताच्या गरगट्याचे डोहाळे लागले होते.

एका सकाळी गजरा घारीच्या आधी रानात फेरी मारत होती. शेवंताच्या वाफ्याच्या कोपऱ्यात राखणीच्या माठाला एक पान आलं होतं. कोवळं, शेंड्यावरचं, आणि देठापासून टोकापर्यंत लाल.

गजरा त्या रोपाशी वाकली. तिला लगेच कळलं. ऋजुताने पहिल्याच दिवशी सांगितलेलं सगळं तिला शब्दन् शब्द आठवलं. आंबट रस, सुटलेलं शिसं, जास्तीचं पाणी, खालचा वाफा. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. एकच तर पान आहे, ती स्वतःला म्हणाली. हातावरची, पदरावरची भुकटी पडली असेल. आता हे घारीने बघितलं तर शेवंताचा वाफा जाईल, माती खणतील, वरपर्यंत शोधत येतील. आणि मग सगळंच बाहेर पडेल.

तिने पान खुडलं आणि कमरेला खोचलं.

वरच्या वाफ्यात भुकटी टाकणं तिने त्या दिवसापासून बंद केलं, पाणीही तोडलं. तिला वाटलं, एवढं पुरे आहे. पण एकदा सुटलेलं शिसं काही तिच्या सोयीने थांबणार नव्हतं. आठवड्याने आणखी पानं लाल झाली. तिने तीही खुडली. मग रोज घारीच्या आधी येऊन कोपऱ्यातला माठ बघणं हा तिचा नेमच झाला. चहाडखोराचं तोंड तिने असं दाबून धरलं.

चाकवत खुडायला आला तेव्हा शेवंता पहिली जुडी पदरात घेऊन निघाली. वाटेत गजरा भेटली.

“बघ की गं, काय पान हाय,” शेवंता म्हणाली. “तूच रीत काडलीस, आनि आता माज्याच लेकीला घावली जुडी. चल, तुज्याच हातानं दे तिला.”

गजराने जुडी हातात घेतली. थंडगार, दवाने भिजलेली. तेवढ्यात बोलता आलं असतं. “ही नको, दुसऱ्या वाफ्यातली दे,” एवढंसुद्धा पुरलं असतं, कारण सांगायची गरज नव्हती. शेवंताने कारण विचारलंच नसतं. पण गजराला वाटलं, आपण एवढं बोललो की पुढचं सगळंच बोलावं लागेल. ती शेवंताच्या मागोमाग खोलीत गेली. समीक्षा भिंतीला टेकून बसली होती, गालांवर तेज आलेलं. गजराने जुडी तिच्या ओटीत घातली.

“नीट धुऊन घे गं,” ती म्हणाली. “दोन-तीन पाण्यानं धू.”

“हो मावशी,” समीक्षा म्हणाली.

जे पानाच्या आत होतं ते धुऊन जाणारं नव्हतं. समीक्षा ती भाजी सगळा हिवाळाभर खात राहिली.

बाळ दिवस भरायच्या आत झालं. मुलगा. हातात घेतला तर वजनच लागेना. दवाखान्यात नव्या नियमाप्रमाणे बाळाचं आणि आईचं रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी शेवंताला आत बोलावून विचारलं, “घरात बॅटरीचं काही काम चालतं का?” दोघांच्याही रक्तात शिसं होतं. आईच्या पोटात ते नाळेतून बाळाकडे जातं आणि ज्या दिवसांत मेंदू घडत असतो त्याच दिवसांत तिथे जाऊन बसतं. किती बिघडलं हे आत्ता सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. बोलायला उशिरा लागेल, कदाचित शिकायला जड जाईल, कदाचित तितकं काही होणारही नाही. वाट बघायची.

बातमी बाहेर फुटायला वेळ लागला नाही. विष शोधणारा माठच विष लपवतो, अशी ओरड झाली. दुसऱ्या शहरांनीही हाच माठ लावला होता, त्यांनी तो उपटून टाकायला घेतला. ऋजुताच्या कामाची चौकशी लागली. ती दिवसभर शेवंताच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून माती चाळत होती. मातीत शिसं आहे, रोप ठणठणीत आहे, मग घारीला लाल दिसलं कसं नाही, हे तिला सुटत नव्हतं. आणि शेवंता ज्याला त्याला सांगत सुटली होती की दोष तिचाच, तिनेच भाजी नीट शिजवली नसणार.

ते मात्र गजराला ऐकवेना. ती वाफ्यात जाऊन ऋजुताच्या समोर बसली.

“म्याडम, तुमचं रोप खोटं न्हाई. मी पानं खुडत हुते.”

ऋजुताने मान वर केली. गजराने सगळं सांगितलं, भुकटीपासून जुडीपर्यंत. सांगून झाल्यावर ऋजुताने हातातली माती खाली टाकली.

“गजराक्का, वरच्या वाफ्याचं माझ्यापाशी बोलायचं होतंत,” ती म्हणाली.

“बोलून तुमी काय केलं असतं?”

ऋजुताने वर चार वेळा अर्ज करून बघितले होते. “काही नाही,” ती म्हणाली. “पण मग ते लाल पान तरी तुम्ही मला दाखवलं असतं.”



खरं काय ते ऋजुताने चौकशीत सांगितलं. गजराही सांगायला गेली, उभी राहून, कुणाचं नाव न घेता, फक्त स्वतःचं. शिक्षा काय करायची यावर साहेबलोकांचं एकमत होईना. एवढं मात्र झालं की खालची सगळी जमीन पुन्हा तपासण्यात आली, शिसं आणखी दोन-तीन वाफ्यांत उतरलेलं निघालं, आणि गोदामवाल्यांनी हात झटकले. असल्या बदनाम जमिनीवर त्यांना काही बांधायचं नव्हतं. वस्ती उठवायचं बारगळलं. भाज्या उपटल्या गेल्या, सगळं रान पुन्हा माठाखाली आलं, बायांना काम मिळालं. आता किती वर्षं लागतील कोण जाणे, पण तोवर जागा त्यांची.

गजराला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

काही बाया तर तिला येऊन म्हणाल्या, “आक्का, तू केलंस म्हनून आमची घरं ऱ्हायली.” त्यांनी ते मनापासून म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गजराला वाटलं. मुकादमकी तिने सोडली. खुरपं घेऊन ती शेवटच्या ओळीत बसू लागली. शेवंता तिच्याशी भांडली नाही, रडली नाही, नुसती बोलायची थांबली. गजराच्या दारावरून जाताना नजर खाली घालून जायची, जशी ओळखच नाही. वीस वर्षांची सवय, म्हणून गजरा दर वेळी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची.

बाळाला उपचारांसाठी सारखं मोठ्या दवाखान्यात न्यावं लागणार होतं. समीक्षाच्या नवऱ्याने तिकडेच खोली घेतली आणि शेवंताही लेकीबरोबर जायला निघाली. रिक्षा आली तेव्हा वस्तीतल्या बाया सामान चढवायला जमल्या. गजरा घरात बसून राहणार होती, पण तिला राहवलं नाही. तिने एक गाठोडं उचललं आणि रिक्षात ठेवलं. समीक्षा आत बसली होती, ती दुसरीकडे बघत राहिली. शेवंता बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर उभी होती.

“मी बघितलं हुतं तुला,” शेवंता म्हणाली. इतक्या दिवसांनी आवाज ऐकून गजरा दचकली.

“काय बघितलंस?”

“माज्या वाफ्यातली लाल पानं खुडताना. दोनदा बघितलं.”

गजरा तिच्याकडे वळली. “मग इचारलं का न्हाईस गं? एका शब्दानं तरी इचारायचं.”

“कशापायी इचारू?” शेवंता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “म्हटलं, कीड पडली आसंल. गजरा खुडतीया म्हंजे आमच्या भल्याचंच आसनार. समीक्षा एकदा म्हनाली, आये, भाजी येगळीच लागतीया, नको मला. मी म्हटलं, खा तू. गजरा रोज येऊन बघती वाफा.”

बाळ जागं होतं. त्याच्या डोक्यावरची टोपी एका बाजूला सरकली होती आणि ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं. ती सारखी करायला गजराने हात पुढे केला.

शेवंताने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती रिक्षात बसली.